गारगोटीतील पाण्याची साक्ष



ज्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्या गुरुजींच्या वर्गात एक लाकडी कपाट असे. त्यात पुस्तके थोडी आणि दगड फार. एखादा विद्यार्थी नवा दगड घेऊन आला की गुरुजी त्याचे नाव विचारीत नसत. ‘हा काय सांगतो?’ एवढेच विचारीत. नाव सांगता येणे आणि दगडाचे म्हणणे ऐकू येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रश्नाने आम्हांला शिकविले. आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो त्याच प्रश्नाचे एक लांबलेले उत्तर आहे. विषय असा, की खनिजांच्या स्फटिकांत कोंडून राहिलेल्या पाण्याच्या थेंबांवरून पृथ्वीच्या पोटातील उष्ण पाण्याच्या साठ्यांचा अभ्यास कसा करतात.

आरंभ आपल्या घरातल्या चुलीपासूनच करू. लहान मुलाची दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या ओवाळून विस्तवात टाकतात. मीठ तडतडले की आजी म्हणते, ‘बघ, केवढी दृष्ट लागली होती!’ आजीच्या मायेविषयी मला शंका नाही. परंतु त्या तडतडण्याचे कारण मिठाच्या खड्यातच आहे. आपल्या पेडणे तालुक्यात आगरवाडा येथे मिठागरे आहेत. तेथील खडेमीठ हातात घेऊन उजेडाकडे धरा. खडा पूर्ण पारदर्शक नसतो, त्यात दुधी पट्टे दिसतात. समुद्राचे पाणी आटून मिठाचा स्फटिक वाढत असताना वाढीच्या थरांत त्याच पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकून पडतात. खडा विस्तवात पडला की या थेंबांचा दाब वाढतो, भिंती फुटतात आणि आवाज होतो. खडा ज्या खाऱ्या पाण्यात जन्मला, त्याचाच नमुना त्याने पोटात जपून ठेवलेला असतो.

मिठाचे जे, तेच गारगोटीचे. आपण जिला गारगोटी म्हणतो ते खनिज म्हणजे क्वार्ट्झ. शुद्ध क्वार्ट्झ काचेसारखे स्वच्छ असते. मग रानात सापडणारी गारगोटी पांढरीशुभ्र का दिसते? तिच्यात पांढरा रंग मिसळलेला नसतो. तिच्यात असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत द्रव आणि वायू भरलेले असतात, आणि प्रकाश त्यांवर आपटून विखुरतो. दुधी गारगोटीच्या एका घनसेंटिमीटरात अशा पोकळ्यांची संख्या १०० कोटींपर्यंत असू शकते. बहुतेकींचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. भूशास्त्रज्ञ त्यांना फ्लुइड इन्क्लूजन म्हणतात. मराठीत आपण त्यांना ‘द्रवकोश’ म्हणू.

पूर्वीचे रत्नपारखी हिऱ्यातील बिंदू, रेखा आणि काकपद हे दोष मानीत व मोल कमी करीत. जवाहिऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु आमच्या शास्त्रात हिशेब उलटा आहे. ज्या स्फटिकात काहीच अडकलेले नाही, तो देखणा खरा, पण मुका. डाग असलेला स्फटिक बोलतो.

बुडबुड्याचे तापमापक

हा स्फटिक काय बोलतो, हे प्रथम नीट ऐकणारा मनुष्य म्हणजे इंग्लंडमधील शेफील्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी. १८५८ साली त्याने स्फटिकांच्या सूक्ष्मरचनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. स्फटिकातील द्रवकोशांत पाण्याबरोबर बहुधा एक छोटा बुडबुडा असतो, याकडे त्याने लक्ष वेधले, आणि त्या बुडबुड्यावरून स्फटिक किती तापमानाला तयार झाला हे सांगता येईल असे प्रतिपादन केले. डोंगरासारख्या वस्तूचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाने करावयाचा, या कल्पनेची त्या काळी थट्टाच झाली. त्याची ही पद्धत पुढे कित्येक दशके अडगळीत पडली आणि विसाव्या शतकात पुन्हा वर आली. अमेरिकेतील एडविन रोडर यांच्या १९८४ सालच्या ग्रंथाने तिला पक्के शास्त्रीय रूप दिले.

सॉर्बीचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. एक बाटली कढत पाण्याने काठोकाठ भरा आणि बूच घट्ट लावा. पाणी निवले की ते आकसते आणि वर थोडी पोकळी दिसू लागते. पाणी जितके अधिक तापलेले असेल, तितकी ही पोकळी मोठी. द्रवकोश ही अशीच एक बाटली आहे. तिची काच म्हणजे स्फटिक. १५० अंश सेल्सिअसला कोंडलेले शुद्ध पाणी आपल्या खोलीच्या तापमानाला येते, तेव्हा बुडबुडा कोशाची सुमारे ८ टक्के जागा व्यापतो. २५० अंशांना कोंडलेले असेल, तर सुमारे २० टक्के. आता हीच क्रिया उलट करावयाची. स्फटिकाची चकती सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवावयाची. पाणी प्रसरण पावते, बुडबुडा लहान होत जातो, थरथरू लागतो आणि एका क्षणी नाहीसा होतो. त्या क्षणीचे तापमान टिपून घ्यावयाचे. स्फटिक वाढताना पाणी निदान इतके तरी तापलेले होते, असे त्याचे सांगणे. ‘निदान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाणी मोठ्या दाबाखाली कोंडले गेले असेल, तर खरे तापमान याहून अधिक असते आणि त्यासाठी दुरुस्ती करावी लागते.

तापविण्याबरोबर गोठविणेही असते. चकती थंड करीत नेली की कोशातील पाण्याचे बर्फ होते. मग सावकाश तापमान वाढवून बर्फाचा शेवटचा कण केव्हा वितळतो ते पाहावयाचे. गोड्या पाण्याचे बर्फ शून्य अंशाला वितळते. पाणी खारट असेल तर त्याखाली. शेवटचा कण उणे १.८ अंशाला वितळला, तर त्या पाण्यात सुमारे ३ टक्के मीठ होते असे समजते. म्हणजे समुद्राच्या पाण्याहून किंचित कमी. जिभेला न लावता पाण्याची चव कळते, आणि तीही लक्षावधी वर्षांपूर्वीच्या पाण्याची!

या कामासाठी लागणारी चकती दोन्ही बाजूंनी आरशासारखी घासलेली असते. तिची जाडी मिलिमीटरचा दहावा ते तिसरा हिस्सा. तिला घासताना फार तापू द्यायचे नाही, नाहीतर कोश आधीच फुटतात. कॅल्साइटसारखे मऊ खनिज असेल तर त्याचे कोश जादा तापाने ताणले जातात आणि आकडा खोटा येतो. हे सर्व काम सावकाशीचे आहे. एका दिवसात हाती लागणारे आकडे बोटांवर मोजण्याइतके असतात.

मूळ कोण, मागाहून आलेला कोण?

येथे माझी एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण या शास्त्राचे मर्म तीत आहे. विद्यार्थिदशेत मी एका गारगोटीचे बरेच कोश मोजले. आकडे एकमेकांशी इतके सुरेख जुळले, की मी आनंदाने वही घेऊन माझ्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी आकड्यांकडे पाहिलेही नाही. चकती प्रकाशाकडे धरून ते म्हणाले, ‘तुमच्या कोशांच्या ओळी स्फटिकाच्या बाजूंना समांतर आहेत, की आरपार गेलेल्या आहेत?’ त्या आरपार गेलेल्या होत्या. स्फटिक पूर्ण वाढल्यानंतर कधीतरी त्याला तडा गेला, त्यात निराळेच पाणी शिरले, तडा पुन्हा सांधला गेला आणि ते पाणी ओळीने अडकून पडले. मी जे तापमान मोजले ते स्फटिकाच्या जन्माचे नव्हतेच. ते त्याच्या जखमेचे होते.

जुन्या घराच्या चिऱ्यांच्या भिंतीत मूळ चुना आणि मागाहून केलेली डागडुजी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. डागडुजीचे वय तेच घराचे वय समजणारा जसा फसेल, तसा मी फसलो होतो. वाढीबरोबर अडकलेले कोश ते मूळचे. सांधलेल्या तड्यातले ते मागाहूनचे. दोहोंची साक्ष उपयोगी असते, पण कोणाची साक्ष कोणत्या काळाची हे आधी ठरविले पाहिजे. आकडे एकमेकांशी जुळतात म्हणून ते आपल्या प्रश्नाचे उत्तर असतातच असे नाही, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

कोकणातील उन्हाळी

आता या विद्येचा उष्ण पाण्याच्या साठ्यांशी संबंध पाहू. आपण पेडण्याहून निघून मुंबईच्या महामार्गाला लागलो, की सावंतवाडी, कुडाळ, कणकवली मागे टाकून राजापूर लागते. तेथील गंगेमुळे ते गाव आपणांस ठाऊक आहे. जवळच उन्हाळे येथे उष्ण पाण्याचा झराही आहे. कोकणातील उष्ण झऱ्यांच्या रांगेचे हे दक्षिणेकडील टोक. येथून उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरेपर्यंत, सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात, असे झरे १८ ठिकाणी आढळतात. आरवली, तुरळ, उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, सातिवली, अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी ही नावे आपण ऐकलेली असतील. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे या नावांतच ‘ऊन’ आहे. आपल्याकडे घरी ‘हून उदक’ म्हणतात, त्याचेच हे भाऊबंद. गावांची नावे ठेवणाऱ्यांनी भूशास्त्राची पहिली नोंद केव्हाच करून ठेवलेली आहे.

या झऱ्यांचे तापमान ३४ ते ७१ अंशांच्या दरम्यान असते. ही उष्णता ज्वालामुखीची नव्हे. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हारसापासून झाला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच ओसरली. पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली उतरते, खडकांच्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. जमिनीखाली दर किलोमीटरला सरासरी २५ ते ३० अंशांनी तापमान वाढते. तेव्हा पाणी १२० अंशांना तापावयाचे असेल, तर ते सुमारे ३ किलोमीटर खोल गेले असले पाहिजे. पाण्यात विरघळलेल्या सिलिका व इतर क्षारांवरून केलेले अंदाज कोकणातील साठ्यांचे तापमान १०० ते १५० अंशांच्या दरम्यान असावे असे सुचवितात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने काही झऱ्यांपाशी विंधनविवरेही घेतली.

परंतु विवरात सोडलेले तापमापक फक्त आजचे सांगते, आणि झऱ्याचे रसायन फार तर अलीकडचे सांगते. साठा वाढता आहे की निवत चालला आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते. वीजगृह किंवा शीतगृह उभारावयाचे, तर तेच ठाऊक असणे अगत्याचे. येथे द्रवकोश उपयोगी पडतात.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. समजा, ४०० मीटर खोलीवरून काढलेल्या खडकाच्या गाभ्यात गारगोटीची एक शीर मिळाली, आणि तिच्यातील मूळच्या कोशांचा बुडबुडा १८० अंशांना नाहीसा झाला. त्याच खोलीवर विवरातील तापमापक १२० अंश दाखविते. याचा अर्थ, शीर तयार झाल्यापासून ती जागा निदान ६० अंशांनी निवली. दोन्ही आकडे सारखे आले असते, तर साठा तेव्हापासून स्थिर आहे असा तर्क करता आला असता. आणि आजचे तापमान अधिक असते, तर साठा तापत आहे असे म्हटले असते. आणखी समजा, कोशांतील पाणी ३ टक्के खारट निघाले आणि आजचे विवराचे पाणी जवळजवळ गोडे आहे. तर मधल्या काळात वरचे थंड, गोडे पाणी आत शिरू लागले असा संशय घ्यावा लागेल. एका नखाएवढ्या चकतीवरून एवढा बोध होतो.

दुसरी एक खूण उकळण्याची. काही चकत्यांत पाण्याने भरलेले आणि वाफेने भरलेले कोश एकाच ओळीत सापडतात आणि एकाच तापमानाचे निघतात. म्हणजे स्फटिक वाढत असताना पाणी उकळत होते. अशा वेळी दाबाची दुरुस्ती लागत नाही, आणि खोलीही कळते. २५० अंशांचे शुद्ध पाणी उकळू नये म्हणून त्यावर सुमारे ४५० मीटर पाण्याचा भार लागतो. तेव्हा अशी शीर आज जमिनीच्या पृष्ठभागाजवळ सापडली, तर वरचा शेकडो मीटर खडक झिजून गेला असे समजावे.

जगाचा अनुभव

न्यूझीलंडमधील ब्रॉडलँड्स येथे १९७० च्या दशकात विवरांतून काढलेल्या खनिजांतील द्रवकोशांची तापमाने आणि विवरांत प्रत्यक्ष मोजलेली तापमाने ताडून पाहिली गेली. ती बरीचशी जुळली. या पद्धतीवर विश्वास बसण्यास अशा कामांनी मोठी मदत झाली. कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ या क्षेत्रातून १९६० पासून वीज निघते. तेथे आज विवरांतून कोरडी वाफ येते. परंतु द्रवकोश सांगतात की एके काळी तेथे उष्ण पाण्याचाच साठा होता आणि वाफेची अवस्था मागाहून आली. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील वाफेचा दाब घसरू लागला. तेव्हा शहरांचे शुद्ध केलेले सांडपाणी १९९७ पासून आत सोडून साठ्याला आधार द्यावा लागला. उष्णता पुष्कळ होती. पाणी संपत होते.

न्यूझीलंडच्याच वैराकेई येथे १९५८ साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि पुढील काळात जवळच्या खोऱ्यातील निसर्गाची उष्ण कारंजी बंद पडली. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे हजारो भाविकांची आहेत. साठ्याचा पूर्वेतिहास न पाहता उपसा सुरू केला, तर कोणाचे काय जाईल, याचा विचार या अनुभवावरून करावा. लडाखमधील पुगा येथे, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, १९७० च्या दशकात घेतलेल्या ४०० मीटरच्या आतील विवरांत सुमारे १४० अंशांपर्यंत तापमान आढळले होते. २०२१ साली तेथे प्रायोगिक वीजप्रकल्पाचा करार झाला. भारतात हा विषय आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

साक्षीची मर्यादा

आता आपल्या तालुक्यांकडे वळतो. डिचोलीच्या खाणींच्या कड्यांत आणि रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांत गारगोटीच्या पांढऱ्या शिरा आपण पाहिल्या असतील. त्या तेथे आल्या कशा? खडकांच्या भेगांतून उष्ण, सिलिकायुक्त पाणी वाहिले म्हणून. मग एखादा उत्साही गृहस्थ म्हणेल, ‘चकतीत २५० अंश दिसले, म्हणजे डिचोलीखाली कढत पाणी आहे; विवर घ्या!’ हा तर्क मोहक आहे आणि साफ चुकीचा आहे. डिचोलीचे ते खडक सुमारे २५० कोटी वर्षांहून जुने आहेत. ज्या पाण्याने शिरा भरल्या, ते पाणी आणि त्याची उष्णता कल्पनातीत काळापूर्वी नाहीशी झाली. शीर खरे बोलते, पण ती बोलते तिच्या काळाविषयी.

हीच सावधगिरी कोकणातही हवी. दख्खनच्या पाषाणातील पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी यांचे नितांत सुंदर स्फटिक मिळतात. नाशिक, जळगाव, पुणे भागांतील असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत; सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालयच आहे. परंतु हे स्फटिक लाव्हाच्या थरांतून फार पूर्वी फिरलेल्या पाण्याने घडविले. तुरळच्या झऱ्याशेजारी असा खडा सापडला म्हणून तो आजच्या झऱ्याचा साक्षीदार ठरत नाही. आजच्या पाण्याची वाट कोणती, त्या वाटेवर कोणते खनिज सर्वांत शेवटी वाढले, कोणती शीर कोणत्या शिरेला छेदून गेली, हे आधी खोल विवराच्या गाभ्यावरून ठरविले पाहिजे. मगच चकती कापावी. कोशात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असला, तर बर्फ खाली वितळते आणि पाणी आहे त्याहून खारट भासते, हेही ध्यानात ठेवावे. खोल विवराला कोट्यवधी रुपये लागतात. चुकीच्या काळाच्या साक्षीवर ते घेतले, तर पैसा जातोच. शिवाय गावकऱ्यांच्या मनात जागविलेली आशाही जाते, आणि ती परत मिळविणे अधिक कठीण असते.

म्हणून मी म्हणेन, या विद्येचे सार एका वाक्यात असे आहे: स्फटिक ‘होते’ सांगतो, तापमापक ‘आहे’ सांगतो, आणि आपले ज्ञान या दोहोंच्या अंतरात आहे. दोहोंपैकी एकावरच विसंबणारा मनुष्य एक तर भूतकाळात राहतो, नाही तर पुढे काय होणार याविषयी आंधळा राहतो.

विद्यार्थिमित्रांनो, यासाठी मोठी प्रयोगशाळा आज तुमच्यापाशी नसेल. पण आगरवाड्याचा मिठाचा खडा आहे, ओहोळातली गारगोटी आहे आणि शाळेत एखादे भिंग नक्कीच आहे. खडा उजेडाकडे धरा. दुधी पट्टा कोठे सुरू होतो, तो कडेला समांतर आहे की आरपार गेला आहे, ते पाहा आणि वहीत काढून ठेवा. नाव मागाहून कळेल. ‘हा काय सांगतो?’ हा प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर देताना दगडाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्याच्या तोंडी घाला. गुरुजींच्या स्मृतीस याहून योग्य आदरांजली मला सुचत नाही.